यकृताचा भाग काढताना: हत्यार कोणतं, रक्त कसं आवरलं आणि मागे किती उरलं

यकृताच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली की नातेवाइकांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा यंत्राबद्दल असतो. लेझरने करणार का? रोबो आहे का तुमच्याकडे? स्टेपलर लावला की रक्त जात नाही असं कुणीतरी सांगितलंय, ते खरं का? मी भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी हे प्रश्न माझ्यापर्यंतही येतात. प्रश्न रास्तच आहेत. पण यकृत कशाने कापलं यापेक्षा कापताना रक्त कसं आवरलं आणि कापून झाल्यावर मागे किती आणि कसं यकृत उरलं, यावर रुग्णाचं पुढचं सगळं जास्त अवलंबून असतं. गेल्या पंचवीस वर्षांतल्या चाचण्याही हेच सांगतात. त्या नेमकं काय सांगतात आणि कुठे सांगत नाहीत, ते नीट समजून घेऊ.

यकृत कापणं एवढं अवघड का

प्रौढ माणसाचं यकृत सव्वा ते दीड किलोचं असतं. दर मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त त्यातून वाहतं, म्हणजे हृदय जेवढं रक्त बाहेर टाकतं त्याचा जवळपास चौथा हिस्सा. हे रक्त दोन वाटांनी येतं. आतड्यांतून अन्नरस घेऊन येणारी पोर्टल शीर त्यातलं सुमारे तीन चतुर्थांश आणते आणि उरलेलं यकृताच्या धमनीतून येतं. या दोघींच्या सोबतीनं पित्तनलिकाही जाते आणि तिघी एकाच चिवट आवरणात गुंडाळलेल्या असतात. रक्त बाहेर पडण्याची वाट मात्र वेगळी आहे. तीन मोठ्या यकृतशिरा वरच्या अंगाला थेट महाशिरेत उघडतात, आणि तिथून हृदय काही बोटांच्याच अंतरावर असतं. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या नळ्यांची ही दोन जाळी एकमेकांत गुंतलेली असतात. त्यांच्या मधली जागा मऊ, ठिसूळ पेशींनी भरलेली असते. त्यात टाका घालून ओढला तर दोरा यकृताला चिरत जातो.

बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी १८८८ मध्ये एका स्त्रीच्या यकृताच्या डाव्या बाजूची गाठ आधी ठरवून काढली आणि ती वाचली. यशस्वी यकृतछेदनाचा इतिहास साधारण इथून मोजतात. पण त्या शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच रक्तस्रावासाठी तिचं पोट पुन्हा उघडावं लागलं होतं. पुढची शंभर वर्षं या विषयाचा मुख्य शत्रू तोच राहिला.

आणखी एक अडचण अशी होती की यकृत बाहेरून दिसतं तसं आतून नसतं. वरून पाहिलं तर एका पडद्यासारख्या बंधाने त्याचे मोठा उजवा आणि छोटा डावा असे दोन भाग पडलेले दिसतात. हाँगकाँगमध्ये काम केलेल्या जेम्स कँटली या स्कॉटिश डॉक्टरांनी १८९७च्या सुमारास दाखवलं की खरी सीमा तिथे नाहीच. ती पित्ताशयापासून मागच्या महाशिरेपर्यंत जाणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या रेषेवर आहे. मग फ्रेंच शल्यविशारद क्लोद कुइनो यांनी मृतदेहांतल्या यकृतांचा बारकाईने अभ्यास करून १९५७ मध्ये आठ खंडांचा नकाशा मांडला. प्रत्येक खंडाला रक्त आणणारी स्वतःची फांदी आहे, पित्त नेणारी स्वतःची नळी आहे आणि शेजारच्या खंडांमधल्या सीमांवरून यकृतशिरा जातात. सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये ‘सेगमेंट सहा’ किंवा ‘सेगमेंट चार-बी’ असं लिहिलेलं असतं ते याच नकाशावरून. एक खंड काढला तरी शेजारच्या खंडाचं रक्त तुटत नाही, हे या नकाशामुळे समजलं आणि यकृताचा भाग हिशेबाने काढणं शक्य झालं.

आधी उरणाऱ्याचा हिशेब

यकृत पुन्हा वाढतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. हिगिन्स आणि अँडरसन यांनी १९३१ मध्ये उंदरांचं दोन तृतीयांश यकृत काढून ही वाढ मोजून दाखवली होती. माणसातही तसंच होतं. फक्त काढलेला खंड पुन्हा उगवत नाही, उरलेला भागच मोठा होतो. बरीचशी वाढ पहिल्या काही आठवड्यांत होते. पण ती होईपर्यंत रोजचं काम उरलेल्या भागालाच करायचं असतं. रक्त गोठवणारी प्रथिनं तयार करायची, विषारी द्रव्यं निकामी करायची, पित्त बनवायचं. हा भाग अपुरा पडला तर कावीळ वाढत जाते, पोटात पाणी होतं, रुग्ण झोपाळू आणि गोंधळलेला होतो. यकृतछेदनानंतरचा सर्वांत भीतिदायक प्रसंग हाच, कारण त्यावर खात्रीचा उपाय नाही.

म्हणून हत्यार हातात घेण्याआधी सीटी स्कॅनवरून घनफळ मोजतात. निरोगी यकृत असेल तर किमान २० टक्के मागे राहायला हवं. बरीच केमोथेरपी झाली असेल तर ३० टक्के, आणि सिरॉसिस असेल, म्हणजे जुन्या आजाराने यकृत तंतूंनी भरून कडक झालं असेल, तर ४० टक्के. हे आकडे स्थूल आहेत, पण त्यांच्या खाली जाताना प्रत्येक सर्जन दहा वेळा विचार करतो. केमोथेरपीचा उल्लेख मुद्दाम केला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी दिलं जाणारं ऑक्झालिप्लॅटिन यकृतातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा करतं. अशा रुग्णाचं पोट उघडलं की यकृत निळसर दिसतं आणि कापताना जास्त वाहतं. मधुमेही, स्थूल माणसांत आता सर्रास दिसणारं फॅटी लिव्हरही तसंच त्रास देतं. ते मऊ, फुगीर असतं, त्यातून रक्तही जास्त जातं आणि ते वाढतंही हळू.

हिशेब कमी पडला तर काय करायचं? १९८०च्या दशकात जपानमध्ये मासातोशी माकुउची आणि इतरांनी एक मार्ग काढला. जो भाग काढायचा आहे त्याची पोर्टल शिरेची फांदी सुईवाटे आधीच बंद करायची. रक्त दुसऱ्या बाजूला वळतं, ती बाजू वाढू लागते, आणि तीन ते सहा आठवड्यांनी शस्त्रक्रिया करता येते. २०१२ मध्ये जर्मनीतून याहून धाडसी पद्धत जगासमोर आली. पहिल्या शस्त्रक्रियेत फांदी बांधायची, यकृत दोन भागांत विभागायचं पण काहीच काढायचं नाही, आणि साधारण नऊ दिवसांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेत आजारी भाग काढायचा. पहिल्या २५ रुग्णांत उरणारा भाग एवढ्या दिवसांतच ७४ टक्क्यांनी वाढला होता. पण त्या २५ पैकी तिघे दगावले. बारा टक्के मृत्यू ही थोडीथोडकी किंमत नाही, आणि म्हणूनच ही पद्धत आज निवडक रुग्णांसाठीच राखून ठेवलेली बरी, असं माझं स्पष्ट मत आहे.

रक्त आवरण्याची दोन टोकं

ग्लासगोतले जेम्स हॉगार्थ प्रिंगल अपघातात यकृत फाटलेल्या रुग्णांवर उपचार करत होते. १९०८ मध्ये त्यांनी लिहिलं की यकृताच्या दाराशी, जिथून पोर्टल शीर, धमनी आणि पित्तनलिका आत शिरतात, तो संपूर्ण जुडगा अंगठा आणि बोट यांच्यात दाबून धरला तर रक्त थांबतं आणि सर्जनला फाटलेली जागा दिसू लागते. त्यांनी ज्या जखमींबद्दल लिहिलं ते वाचू शकले नाहीत. त्यांनी सशांवर ही युक्ती करून पाहिली आणि तिथे ती यशस्वी ठरली. आज जगभर ‘प्रिंगल’ या एकाच शब्दाने तिचा उल्लेख होतो. शस्त्रक्रियेत सर्जन ‘प्रिंगल ऑन’ म्हणतो आणि परिचारिका घड्याळाकडे बघते. सहसा पंधरा मिनिटं दाबायचं, पाच मिनिटं सोडायचं आणि पुन्हा दाबायचं. सलग दाबून ठेवण्यापेक्षा असं थांबत थांबत केलेलं यकृताला जास्त सोसतं. सिरॉसिस असेल तर हा फरक आणखी ठळकपणे दिसतो.

पण प्रिंगलने फक्त आत येणारं रक्त थांबतं. यकृतशिरांचं टोक उघडंच असतं. त्यांना झडपा नसतात, त्यामुळे महाशिरेत दाब जास्त असेल तर रक्त उलटं येऊन कापलेल्या जागेतून बाहेर पडतं. इथे भूलतज्ज्ञाचं काम सुरू होतं. सर्वसाधारण मोठ्या शस्त्रक्रियेत आम्ही सलाईन देऊन शरीर भरलेलं ठेवतो, पण यकृतात नेमकं उलट करतो. कापणं पूर्ण होईपर्यंत सलाईन हात आखडून द्यायचं आणि मोठ्या शिरांमधला दाब पाऱ्याच्या पाच मिलिमीटरच्या खाली ठेवायचा. रक्तदाब कोसळू नये यासाठी गरज पडली तर औषध जोडायचं. लघवी कमी होते, यंत्राचा अलार्म वाजतो, तरीही हात आवरून धरायचा. १९९०च्या दशकाच्या अखेरीस हा प्रघात रुळला आणि रक्त चढवण्याची गरज झपाट्याने कमी झाली. धोकाही आहे. शिरेत दाब इतका कमी असताना तिला भोक पडलं तर हवा आत ओढली जाऊन थेट हृदयात पोहोचू शकते. म्हणून श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या रेषेवरची नजर हटवता येत नाही. ती अचानक खाली आली की सर्जनला हात थांबवायला सांगायचं, भोकावर बोट ठेवायला सांगायचं आणि मग पुढचं.

यंत्रांची तुलना करताना ही पार्श्वभूमी विसरली की निष्कर्ष चुकतात. एकाच हॉस्पिटलात, त्याच सर्जनच्या हातून, त्याच यंत्राने, केवळ शिरांमधला दाब दुप्पट असल्यामुळे रक्तस्राव कितीतरी जास्त होऊ शकतो.

प्रत्यक्ष कापणं

सगळ्या पद्धतींच्या मुळाशी एकच कल्पना आहे. यकृताच्या पेशी नाजूक आहेत, पण त्यांतून जाणाऱ्या नळ्या चिवट आहेत. शेवग्याची शेंग दातांनी ओढली की गर निघून येतो आणि रेषा हातात उरतात, तसं यकृताच्या पेशी बाजूला काढायच्या आणि उघड्या पडलेल्या रेषा एकेक करून बांधायच्या किंवा बंद करायच्या. पद्धती बदलतात त्या पेशी कशाने बाजूला काढायच्या आणि रेषा कशाने बंद करायच्या, एवढ्यापुरत्या.

तैवानचे तिएन-यू लिन यांनी १९५८ मध्ये बोटांनीच हे करून दाखवलं. अंगठा आणि तर्जनीत यकृत चिमटीत धरून चुरडायचं, आणि बोटांना दोरीसारखं काही लागलं की ते बांधून तोडायचं. व्हिएतनाममध्ये तोन थात तुंग यांनीही बोटांची पद्धत वापरली. ती जलद होती, पण बारीक नळ्या बोटांना कळायच्या आधीच तुटायच्या. मग बोटांची जागा साध्या, लांब चिमट्यासारख्या क्लॅम्पने घेतली. क्लॅम्पच्या दोन पात्यांत यकृताचा थोडा भाग धरायचा, हळूच दाबायचा, पेशी चुरडल्या जातात, पात्यांमध्ये नळ्या उरतात. दोन मिलिमीटरपेक्षा बारीक असतील तर विजेने जाळायच्या, मोठ्या असतील तर बांधायच्या किंवा क्लिप लावायची. हीच ‘क्लॅम्प क्रश’. हत्यार प्रत्येक शस्त्रक्रियागृहात असतंच. पुन्हा पुन्हा निर्जंतुक करून वापरता येतं, आणि त्यासाठी वेगळा खर्च जवळपास शून्य.

१९७९ पासून यकृतासाठी ‘क्युसा’ वापरात आला. पोकळ टायटॅनियमचं टोक सेकंदाला सुमारे २३ हजार वेळा कंप पावतं. पाण्याने भरलेल्या पेशी त्या कंपाने फुटतात, कोलॅजन या चिवट प्रथिनाने मजबूत झालेल्या नळ्या टिकतात, टोकातून येणारं सलाईन जागा धुतं आणि त्याच टोकातून चुरा ओढून घेतला जातो. समोर मोकळ्या झालेल्या नळ्या अगदी स्वच्छ दिसतात, आणि ते दृश्य खरंच सुंदर असतं. पण क्युसा स्वतः काहीच बंद करत नाही, ते काम दुसऱ्या साधनाचं. वेगही कमी असतो. सिरॉसिसच्या यकृतात पेशींच्या मधेही तंतू माजलेले असतात, तिथे तो आणखी रेंगाळतो.

बाकीच्यांकडे थोडक्यात पाहू. पाण्याच्या दाबाच्या फवाऱ्याने पेशी उडवणारं यंत्र १९८२ मध्ये आलं. रेडिओलहरींनी उष्णता देऊन ऊती शिजवत जाणारी साधनं आली. त्यांत लंडनच्या नागी हबीब यांच्या सुयांनी कापण्याची रेषा आधीच शिजवून घेता येते. रक्त फारसं जात नाही, पण कापलेल्या कडेला मेलेल्या ऊतीचा पट्टा राहतो आणि यकृताच्या दाराजवळ पित्तनलिकेला चटका बसण्याची भीती असते. नळ्यांना दाब आणि वीज देऊन सात मिलिमीटरपर्यंतच्या रक्तवाहिन्या चिकटवणारी साधनं आहेत, अल्ट्रासाउंडच्या पात्याने कापता कापता बंद करणारं हार्मोनिक आहे. आणि स्टेपलर आहे: एका दाबात तीन-तीन ओळींत टायटॅनियमच्या पिना बसतात आणि मधून पातं फिरतं. यकृतशीर किंवा पोर्टलची मोठी फांदी तोडायला त्याच्याइतकं निर्धास्त साधन नाही. पण त्याची प्रत्येक कार्ट्रिज एकदाच चालते आणि हजारो रुपयांची असते. आणि यकृताच्या आत ते आंधळं चालतं, पात्यांत काय आलं ते दिसत नाही.

मग यांतलं चांगलं कोणतं? २००१ मध्ये टोकियोमध्ये १३२ रुग्णांवर क्युसा आणि क्लॅम्प यांची चिठ्ठ्या टाकून तुलना झाली. रक्तस्रावात फरक निघाला नाही. २००५ मध्ये झुरिकमध्ये १०० रुग्णांत चार पद्धतींची तुलना झाली, प्रत्येकी पंचवीस: क्लॅम्प, क्युसा, पाण्याचा फवारा आणि सलाईन-रेडिओलहरींचं साधन. क्लॅम्पने मिनिटाला ३.९ चौरस सेंटिमीटर यकृत कापलं गेलं, बाकीचे तिघं अडीचच्या आसपास किंवा त्याखाली राहिले. रक्तही क्लॅम्पने सर्वांत कमी गेलं आणि खर्चही सर्वांत कमी आला. २०१४ मध्ये हायडेलबर्गच्या १३० रुग्णांच्या चाचणीत स्टेपलर क्लॅम्पपेक्षा जलद ठरला, पण रक्तस्रावात दोघांत लक्षणीय फरक नव्हता.

या आकड्यांवरून ‘जुनं तेच सोनं’ असा निकाल देऊन मोकळं होणं सोपं आहे, पण झुरिकची चाचणी नीट वाचायला हवी. तिथे क्लॅम्पच्या गटात प्रिंगल लावलेला होता, इतर तीन गटांत तो लावायचा नाही असं ठरलेलं होतं. म्हणजे तुलना फक्त हत्यारांची झाली नाही. ‘दार बंद करून क्लॅम्पने कापणं’ आणि ‘दार उघडं ठेवून यंत्राने कापणं’ या दोन धोरणांची झाली. शिवाय त्या रुग्णांना सिरॉसिस नव्हता. माझ्या मते या चाचणीचा सर्वांत मोलाचा धडा तोच आहे: साधा चिमटाही रक्तपुरवठा आवरलेला असला की महागड्या यंत्राला मागे टाकतो.

याला आणखी एक पुरावा आहे, चाचणीचा नाही पण मन जिंकणारा. माकुउची यांच्या टोकियोतल्या चमूने २००३ मध्ये १,०५६ यकृतछेदनांचा हिशेब प्रसिद्ध केला. आठ वर्षांत एकही मृत्यू नाही. त्यातले बरेच रुग्ण सिरॉसिसचे होते. ही किमया कोणत्या नव्या यंत्राची नव्हती. किती काढायचं याचे कडक नियम, शस्त्रक्रिया चालू असताना यकृतावर ठेवलेली सोनोग्राफी, प्रिंगल, आणि संथ, शिस्तीने चालणारा क्लॅम्प. १९७०च्या दशकात मोठ्या यकृतछेदनानंतर साधारण पाचांतला एक रुग्ण दगावत असे, हे लक्षात घेतलं की त्या आकड्याचं मोल कळतं. न्यूयॉर्कच्या एका कर्करोग केंद्राने १९९१ ते २००१ मधल्या १,८०३ रुग्णांचा आढावा घेतला तेव्हा मृत्यूचं प्रमाण ३.१ टक्के होतं.

रेषेवरून कापायचं की गाठीभोवती

कापायची रेषा कुठून न्यायची हा प्रश्न हत्याराच्या प्रश्नाहून मोठा आहे, आणि त्याचं उत्तर गाठ कसली आहे यावर ठरतं. यकृतातच सुरू झालेला कर्करोग पोर्टल शिरेच्या बारीक फांद्यांतून आजूबाजूला पसरतो. म्हणून ती फांदी ज्या भागाला रक्त देते तो सबंध भाग काढावा, असा विचार पुढे आला. १९८५ मध्ये माकुउची यांनी सोनोग्राफीत बघत पोर्टलच्या नेमक्या फांदीत निळा रंग सोडला. पृष्ठभागावर त्या खंडाचा नकाशा निळा उमटला आणि त्याच्या कडेकडेने कापता आलं. आता निळ्याच्या जागी इंडोसायनिन ग्रीन हा रंग आणि अवरक्त प्रकाशाचा कॅमेरा वापरतात, तेव्हा खंडाच्या सीमा पडद्यावर हिरव्या उजळतात. जपानमध्येच केन ताकासाकी यांनी दारातून शिरणारा जुडगा त्याच्या आवरणासकट, आतली एकेक नळी न सोडवता, एकत्रच बांधायची पद्धत रुजवली. वेळ वाचतो, पण पित्तनलिकेची ठेवण वेगळी असेल तर चुकीची नळी बांधली जाण्याचा धोका असतो, म्हणून आधीचा स्कॅन पारखून घ्यावा लागतो.

मोठ्या आतड्यातून यकृतात पसरलेल्या गाठींचं वेगळं आहे. तिथे पूर्ण खंड काढून फारसा फायदा होत नाही. कडेला एक मिलिमीटरही निरोगी ऊती सुटली तरी बहुधा पुरतं. आणि अशा रुग्णांच्या यकृतात पुन्हा गाठ येण्याची शक्यता खरी असते. पहिल्याच वेळी अर्धं यकृत काढून टाकलं तर दुसऱ्या वेळी काढायला काही उरत नाही. म्हणून आता कल गाठीपुरतंच काढण्याकडे, वाचवता येईल तेवढं यकृत वाचवण्याकडे आहे. ‘डॉक्टरांनी थोडंच काढलं, सगळं का नाही काढलं?’ असं कुणी विचारलं तर बऱ्याचदा हेच त्याचं उत्तर असतं, आणि तो डॉक्टर काटकसर करत नसून पुढचा विचार करत असतो.

पोट उघडून, दुर्बिणीने की रोबोने

दुर्बिणीच्या यकृतछेदनाची सुरुवात १९९१-९२ मध्ये झाली. आधी ते कडेच्या छोट्या गाठींपुरतं होतं. आज डाव्या कडेचे दोन खंड, म्हणजे सेगमेंट दोन आणि तीन, काढायचे असतील तर अनुभवी केंद्रात दुर्बीण हीच नेहमीची पद्धत आहे. पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब शिरांवर बसतो आणि त्यांतून येणारं रक्त कमी होतं. हा दुर्बिणीचा एक अनपेक्षित फायदा. ओस्लोमध्ये २८० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निकाल २०१८ मध्ये आले. आतड्याच्या कर्करोगाच्या यकृतातल्या गाठी, गाठीपुरतंच यकृत कापून, काढायच्या होत्या. पोट उघडलेल्यांपैकी ३१ टक्क्यांना, तर दुर्बिणीवाल्यांपैकी १९ टक्क्यांना गुंतागुंत झाली. हॉस्पिटलातला मुक्काम ९६ तासांवरून ५३ तासांवर आला. पुढे आयुर्मान पाहिलं तेव्हा दोन्ही गट सारखेच निघाले. म्हणजे दुर्बिणीने कर्करोग जास्त बरा होत नाही, पण माणूस लवकर उभा राहतो, आणि केमोथेरपी वेळेवर सुरू व्हायची असेल तर हा फायदा छोटा नाही.

रोबोची मनगटं सर्व बाजूंनी वळतात, त्यामुळे मागच्या वरच्या खंडांपर्यंत पोहोचणं आणि पित्तनलिकेला टाके घालणं सोपं जातं. तरी रोबोने यकृत कापताना बरेच सर्जन काय करतात? विजेच्या चिमट्याने यकृत चुरडत आणि नळ्या बंद करत जातात. म्हणजे क्लॅम्प क्रशच, फक्त चिमटा यंत्राच्या हातात. म्हणून ‘रोबो आहे का’ यापेक्षा ‘तुमच्याकडे वर्षाला किती यकृतछेदनं होतात, आणि माझ्या वडिलांना लागणारं छेदन तुम्ही आधी किती वेळा केलंय’ हे विचारा. सोबत ‘मागे किती टक्के यकृत उरेल’ हेही विचारा. या प्रश्नांवर चांगला सर्जन रागावत नाही.

शस्त्रक्रियेनंतर आमची नजर दोन गोष्टींवर असते. पहिली म्हणजे पोटातल्या नळीतून येणाऱ्या पाण्याचा रंग. तो हिरवट-पिवळा झाला तर कापलेल्या कडेवरची एखादी पित्तनलिका गळते आहे. घरच्यांना ते बघून धडकी भरते, पण बहुतेक गळती नळी काही दिवस तशीच ठेवून किंवा तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेत स्टेंट, म्हणजे बारीक नळी, बसवून बंद होते. दुसरी गोष्ट पाचव्या दिवसाचा रक्ततपास. त्या दिवशी बिलिरुबिन, म्हणजे काविळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य, ३ मिलिग्रॅमच्या आसपास किंवा वर अडकलेलं असेल आणि त्याच वेळी रक्त गोठण्याची क्षमता निम्म्याच्या खाली असेल, तर उरलेलं यकृत दमलेलं आहे असं समजायचं आणि लगेच कामाला लागायचं. एक आकडा बिघडला तर वाट पाहता येते. दोन्ही एकत्र बिघडले तर नाही.

दात्याचं यकृत

आतापर्यंतचा सगळा हिशेब आजारी यकृताचा होता. पण आपल्याकडे यकृतछेदनाचा मोठा भाग निरोगी माणसांवर होतो. भारतात यकृताची बहुतांश प्रत्यारोपणं जिवंत दात्याकडून होतात: बायको नवऱ्याला देते, मुलगा वडिलांना, आई बाळाला. मुंबई-पुण्यात हे घडलेलं कुटुंब आज अनेकांच्या ओळखीत असेल. लहान मुलासाठी दोन-तीन खंडांचा छोटा डावा तुकडा पुरतो. प्रौढासाठी बहुधा संपूर्ण उजवा भाग द्यावा लागतो, म्हणजे जवळपास साठ टक्के यकृत.

आणि इथे हत्यारांचं गणित बदलतं. दोन्ही अर्ध्यांना जगायचं आहे, त्यामुळे दोघांचाही रक्तपुरवठा शेवटच्या क्षणापर्यंत चालू राहायला हवा. म्हणून अनेक सर्जन प्रिंगल टाळतात किंवा अगदी थोडा वेळच लावतात. शिजवणारी साधनं दूर ठेवतात, कारण मेलेली कड दुसऱ्याच्या पोटात जोडायची नसते. पित्तनलिका दोन्हीकडे पुरेशी लांब आणि तिचं स्वतःचं रक्त शाबूत ठेवून नेमक्या जागी कापायची असते. बहुतेक ठिकाणी इथे क्युसा हातात घेतात. झुरिकच्या चाचणीत जो हळू ठरला तोच इथे उपयोगी पडतो, कारण इथे घाई करायचीच नसते. प्रत्येक नळी उघडी करून, पाहून, मग तोडायची.

दात्याला मागे किमान ३० टक्के यकृत उरेल की नाही हे आधी मोजतात. यकृत फॅटी असेल तर वजन कमी करून यायला सांगतात, आणि वजन उतरलं तरच पुढे जातात. उजवा भाग देणाऱ्या दात्याच्या जिवाला असलेला धोका हजारात साधारण दोन ते पाच असा सांगितला जातो. हा आकडा दात्याला एकट्याने, घरच्यांना खोलीबाहेर पाठवून, स्पष्ट शब्दांत सांगायला हवा. पतीसाठी, सासऱ्यासाठी, मोठ्या भावासाठी यकृत द्यायला निघालेल्या सुनेवर किंवा धाकट्या भावावर घराचं किती ओझं असतं, हे आपल्या समाजात वेगळं सांगायला नको. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने जवळच्या नात्यांची व्याख्या केली आहे, नात्याबाहेरच्या दानासाठी समितीची मंजुरी लागते. पण घरातला दबाव कुठल्याही समितीच्या कागदावर दिसत नाही. म्हणून भूल देण्याच्या आदल्या संध्याकाळी मी दात्याला पुन्हा एकदा एकट्याने भेटते आणि सांगते की अजूनही तुम्ही नाही म्हणू शकता, आणि तसं म्हणालात तर घरच्यांना आम्ही एवढंच सांगू की तुमचे रिपोर्ट जुळत नाहीत.